रोगाचे घर शोधणारी पुस्तके

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी डॉक्टरला एखादा छंद असला, तर तो गावापासून लपून राहत नाही. मला जुनी वैद्यकीय पुस्तके जमविण्याचा नाद आहे. त्यांतही विकृतिशास्त्राची, म्हणजे रोगाने शरीरात नेमके कोठे आणि काय बिघडते हे सांगणाऱ्या शास्त्राची पुस्तके मला विशेष प्रिय. हे येथील रद्दीवाल्यालाही ठाऊक आहे.

मागील पावसाळ्यात एका संध्याकाळी शेवटचा रुग्ण तपासून होतो न होतो तोच एक गृहस्थ पोते घेऊन दवाखान्यात आले. त्यांचे आजोबा हैदराबादेत शिकून आलेले डॉक्टर. पणजोबा गोदाकाठच्या गावांतून फिरून वैद्यकी करणारे. आता घराची वाटणी झाली होती, जुना वाडा पाडावयाचा होता आणि माळ्यावरची ट्रंक रिकामी करावी लागली होती. "डॉक्टरसाहेब, उद्या हे वजनावर जाईल. तुम्हाला काही लागत असेल तर आजच पाहून घ्या," असे म्हणून त्यांनी पोते टेबलापाशी ठेवले.

निम्म्याहून अधिक पुस्तके वाळवीने खाल्लेली होती. चार मात्र वाचली. पहिले, आरंभीची पाने गळालेले 'माधवनिदाना'चे मराठी भाषांतर. दुसरे, पणजोबांच्या हातचे मोडीतील औषधांचे बाड. तिसरे, विल्यम बॉइड या विकृतिशास्त्रज्ञाचे इंग्रजी पाठ्यपुस्तक. चौथे उर्दूतील, मुखपृष्ठ नसलेले. आतील आकृत्यांवरून तेही विकृतिशास्त्राचेच असावे एवढे कळत होते.

चौथ्या पुस्तकाचे तरुण वाचकांना नवल वाटेल. ज्येष्ठांना वाटणार नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. निरनिराळ्या शास्त्रांचे ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी तेथे खास भाषांतर विभागच चालविला जाई. मराठवाड्यातील कितीतरी घरांत मोडी बाड, मराठी पोथी, उर्दू क्रमिक पुस्तक आणि इंग्रजी ग्रंथ एकाच ट्रंकेत पडून असतात, त्याचे कारण हे.

आपल्यापैकी काही जण विचारतील, औषधाची माहिती असलेले पुस्तक जपले तर समजते. रोगाने सडलेल्या-सुजलेल्या अवयवांचे वर्णन कशाला जपावयाचे? उत्तर असे की, रोग कोठे आहे हे कळल्यावाचून औषधाला वाट सापडत नाही. आपल्याकडे माधवकराने सुमारे तेराशे वर्षांपूर्वी हे ओळखले होते. त्याचा 'रोगविनिश्चय', म्हणजेच 'माधवनिदान', केवळ निदानाला वाहिलेला आहे. रोगाची कारणे, पूर्वरूपे, लक्षणे आणि उपद्रव यांचे त्यात पद्धतशीर विवेचन आहे. चिकित्सा त्याने इतरांसाठी सोडली. लक्षणांवरून रोग ओळखण्याचे हे शास्त्र फार सूक्ष्म होते. परंतु लक्षण बाहेर दिसत असताना आत काय घडले आहे, हे उघडून पाहणे पुष्कळ पुढच्या काळात सुरू झाले.

त्या कामातील सर्वांत मोठा ग्रंथ इटलीतील पाडुआचा प्राध्यापक जोव्हानी बात्तिस्ता मोरगान्यी याचा. रोगांची स्थाने व कारणे शवविच्छेदनाने शोधणे, हा त्याचा विषय आणि जवळजवळ तेच त्याचे नाव. १७६१ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा मोरगान्यी ७९ वर्षांचा होता. ज्येष्ठ वाचकांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. आयुष्यभर टिपून ठेवलेले सुमारे ७०० रुग्णांचे वृत्तान्त त्याने ७० पत्रांच्या रूपाने मांडले. प्रत्येक वृत्तान्ताची घडण एकच: माणूस कोण, वय काय, व्यवसाय काय, काय होऊ लागले, कशाने गेला आणि मृत्यूनंतर शरीरात काय आढळले. जिवंतपणीचे दुखणे आणि मृत्यूनंतरची विकृती अशी शेजारीशेजारी ठेवल्यामुळे रोगाचे घर हळूहळू दिसू लागले. उदाहरणार्थ, पक्षाघाताने शरीराची डावी बाजू लुळी पडली असेल, तर बिघाड मेंदूच्या उजव्या अर्ध्यात असतो, हे त्याच्या गुरूचे, व्हालसाल्व्हाचे, निरीक्षण त्याने अनेक रुग्णांच्या आधारे पक्के केले.

या ग्रंथाची मूळ प्रत माझ्यासारख्याच्या आवाक्यातली नव्हे. १७६९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. त्याचे अलीकडचे पुनर्मुद्रण माझ्या कपाटात आहे. त्यातील एका वृत्तान्ताने मला या पावसाळ्यात खाली मान घालावयास लावली. ते सांगण्यासाठीच हा लेख.

उर्दू पुस्तक मला वाचता येईना. गावातील एक निवृत्त शिक्षक, वय ८७, त्यांचे पहिले शिक्षण निजामी अमलात उर्दूतून झालेले. पत्नी गेल्यापासून ते फारसे घराबाहेर पडत नसत. मी त्यांना विनंती केली. पुस्तक हाती घेऊन त्यांनी एक पान उलटले आणि म्हणाले, "इल्म-उल-अमराज! डॉक्टरसाहेब, ही रोगांची विद्या. अक्षर मात्र बारीक आहे, उजेडात बसावे लागेल." दर रविवारी सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर आमचे वाचन सुरू झाले. गुरुजी उर्दू वाचीत, मराठीत अर्थ सांगत, मी बॉइडशी ताडून पाहत असे. त्यांच्या सूनबाई त्यांना आणून सोडीत. "मामा आता शनिवारी रात्रीच धोतर काढून ठेवतात," असे त्यांनी एकदा हसत सांगितले.

चौथ्या रविवारी वाचता वाचता गुरुजींचा आवाज मध्येच थांबला. मान किंचित मागे गेली, डोळे वर गेले, चेहरा पांढराफटक पडला. मी उठून त्यांना धरीपर्यंत आठ-दहा सेकंद गेले असतील. मग चेहऱ्यावर लाली आली, त्यांनी डोळे उघडले आणि बोट ज्या ओळीवर होते तेथून पुढे वाचू लागले. मधले काही त्यांना आठवतही नव्हते. मी मनगट हाती घेतले आणि घड्याळ समोर ठेवून पुरे एक मिनिट नाडी मोजली. ती ३४ भरली.

आता माझी चूक सांगतो. वाचन सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी सूनबाई त्यांना घेऊन आल्या होत्या. "मामांना अधूनमधून भोवळ येते," ही त्यांची तक्रार होती. बाहेर चाळीस रुग्ण बसले होते. मी रक्तदाब पाहिला, नाडीवर ओझरती बोटे ठेवली, "वयोमानाने असे होते" असे म्हटले आणि चक्करेच्या गोळ्या लिहून दिल्या. हृदयाचा आलेख काढला नाही. मोरगान्यीने एका वृद्ध धर्मोपदेशकाचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे. नाडी अतिशय मंद, आणि मधूनमधून शुद्ध हरपण्याचे झटके. पुढे याच विकाराला ॲडम्स आणि स्टोक्स या दोन आयरिश डॉक्टरांबरोबर मोरगान्यीचे नाव जोडले गेले. तो वृत्तान्त मी एकदा नव्हे, दोनदा वाचलेला होता. पुस्तक माझ्या कपाटात होते, रुग्ण माझ्या समोर होता, आणि मला एकावरून दुसरा ओळखता आला नव्हता.

त्या रविवारी काढलेल्या आलेखात सारे स्पष्ट दिसले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघणारा विद्युत्संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नव्हता; खालचे कप्पे आपापल्या संथ गतीने चालले होते. अशा वेळी हृदय काही सेकंद थांबले तरी मेंदूला रक्त मिळत नाही, माणूस कोसळतो, आणि कधी उठतच नाही. गुरुजींना त्याच दिवशी पुढे पाठविले. पेसमेकर बसला. सूनबाईंना मी माझी चूक स्पष्ट शब्दांत सांगितली. त्या काही वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आम्हीसुद्धा वयच समजत होतो."

वाचकहो, या एका वाक्यापायी कितीतरी ज्येष्ठांचे आजार अंगावर निघतात. म्हणून घरात ज्येष्ठ असतील त्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

चक्कर, भोवळ, अचानक पडणे किंवा क्षणभर शुद्ध हरपणे हे वार्धक्याचे लक्षण मानू नये. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून नाडी पुरे साठ सेकंद मोजावी. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, कारण अनियमित नाडी अशाने फसविते. विश्रांतीच्या वेळी नाडी सामान्यतः ६० ते १०० असते. ती ५० च्या खाली असून चक्कर, धाप, छातीत दुखणे किंवा कमालीचा थकवा असेल, तर त्याच दिवशी हृदयाचा आलेख काढून घ्यावा. शुद्ध हरपली असेल तर नाडी कितीही असो, थांबू नये. रक्तदाबाच्या व हृदयाच्या काही गोळ्यांनीही नाडी मंदावते. म्हणून डॉक्टरकडे जाताना सर्व गोळ्या वेष्टनासह न्याव्यात; मात्र स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. आणि एकाएकी तोंड वाकडे झाले, हात उचलेना किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून लगेच १०८ ला फोन करावा. मेंदूतील रक्ताची गाठ विरघळविणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षण सुरू झाल्याची वेळ घड्याळ पाहून लिहून ठेवावी.

पुस्तकांकडे पुन्हा वळू. विकृतिशास्त्राचे जुने ग्रंथ म्हणजे सारे परदेशातले, असे मात्र नव्हे. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांनी येथील रुग्णांवरून लिहिलेला भारतातील रोगांविषयीचा द्विखंडात्मक ग्रंथ १८५६ साली निघाला. दोन वर्षांनी तेथे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाचा तरुण डॉक्टर शरीररचना शिकविण्यास आला. 'ग्रेज ॲनाटॉमी' हा ग्रंथ आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. त्याच्या १८५८ च्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे या कार्टरची. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा चित्रकार मुंबईत होता. नाव मात्र ग्रेचेच गाजले.

कार्टरने पुढची तीस वर्षे आपल्याच मुलखात काढली. मधली काही साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून. शेतकऱ्यांचे सुजलेले, छिद्रे पडलेले, त्यांतून दाणेदार स्राव गळणारे पाय त्याने पाहिले, छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, त्यांची चित्रे काढली आणि या रोगाला 'मायसेटोमा' हे नाव दिले. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८७४ साली लंडनमध्ये छापला गेला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात उपाशी माणसांचे तांडे मुंबईस आले आणि पुनःपुन्हा उलटणाऱ्या तापाची साथ पसरली. कार्टरने रुग्णांच्या रक्तात त्या तापाचे मळसूत्री जंतू शोधले. हा ताप त्याला स्वतःलाही जडला. त्यावरचे पुस्तक १८८२ चे. ज्या दुष्काळाच्या कथा आपण आजी-पणजींच्या तोंडून ऐकल्या, त्यात माणसे कशाने मेली हे त्या पानांवर तापाच्या आलेखांसह लिहिलेले आहे.

मायसेटोमा हा केवळ ग्रंथातला रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली त्याची गणना उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केली. अनवाणी पायात बाभळीचा काटा वा पराटीचा खुंट रुतला की मातीतील बुरशी किंवा जिवाणू आत जातात. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, गाठ वाढते आणि दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच कोणी दाखवीत नाही. पुढे छिद्रे पडतात, त्यांतून काळे, पांढरे किंवा तांबूस दाणे येतात आणि शेवटी हाडही पोखरले जाते. बुरशी असेल तर औषध वेगळे, जिवाणू असतील तर वेगळे. म्हणून त्या दाण्यांची आणि मांसाच्या तुकड्याची तपासणी अटळ ठरते. शेतात जाणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना पायताण घालावयास लावा आणि पंधरवड्यातून एकदा त्यांचे तळपाय उजेडात पाहा. मधुमेह असेल तर रोज पाहा.

आता आपल्या घरातील ट्रंकेविषयी. जुने वैद्यकीय पुस्तक किंवा बाड सापडल्यास ते रद्दीत घालण्यापूर्वी जाणकाराला दाखवावे. भाऊ दाजी लाड ग्रँट मेडिकल कॉलेजच्या १८५१ साली उत्तीर्ण झालेल्या पहिल्या पदवीधरांपैकी. त्यांनी जमविलेली हस्तलिखिते आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत, ती वेळीच योग्य ठिकाणी पोहोचली म्हणून. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ पासून हेच काम करीत आहे.

पुस्तक हाताळताना नाकातोंडावर रुमाल किंवा मास्क असावा. जुन्या कागदावरील धूळ व बुरशी दम्याच्या रुग्णाला त्रास देते. ज्यांना दमा आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. एकोणिसाव्या शतकातील काही हिरव्या कापडी बांधणीत सोमलाचा रंग वापरलेला आढळतो, म्हणून अशा पुस्तकाला हात लावल्यावर ते धुवावेत आणि थुंकी लावून पाने उलटू नयेत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. मऊ कोरड्या ब्रशाने धूळ झाडावी, स्वच्छ सुती कापडाच्या बासनात बांधावे, वेखंडाचे तुकडे कडेला ठेवावेत आणि भिंतीपासून चार बोटे दूर, ओल नसलेल्या जागी ठेवावे.

एक कळकळीची सूचना. बाडातील औषधे घरी करून पाहू नका. माझ्याकडील बाडात बचनाग, सोमल, पारा, हिंगूळ यांची मात्रा गुंज आणि चिमटीत लिहिलेली आहे. त्यांची शुद्धी कशी करावयाची हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते म्हणून त्याने ते लिहिलेच नाही. बचनागाने हृदयाची लय बिघडून माणूस दगावतो. पाऱ्याने मूत्रपिंडे जातात. बाड जपावे ते पूर्वजांचे हस्ताक्षर म्हणून.

आणि आणखी एक पुस्तक आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे, त्याकडे आपण पुस्तक म्हणून पाहत नाही. ते म्हणजे ज्येष्ठांच्या तपासण्यांची फाईल. दिवाळीच्या आवराआवरीत जुने रिपोर्ट फेकून देण्याची चाल सर्वत्र दिसते. दहा वर्षांपूर्वीचा हृदयाचा आलेख आजच्या आलेखाशेजारी ठेवला, की नवे काय बिघडले हे क्षणात कळते. एकटा आजचा आलेख तेवढे सांगू शकत नाही. गाठीची तपासणी झाली असेल तर तिचा लेखी अहवाल कायमचा जपावा. प्रयोगशाळेत त्या मांसाच्या तुकड्याचे मेणातील ठोकळे आणि काचपट्ट्या काही वर्षे राखलेल्या असतात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे झाल्यास त्या मागून घेता येतात. अहवालावरील क्रमांक त्यासाठी लागतो. फाईलच्या पहिल्या पानावर मोरगान्यीच्या पद्धतीने थोडक्यात लिहून ठेवा: नाव, वय, केलेले काम, जुने आजार, शस्त्रक्रिया व त्यांची वर्षे, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ वा सूज आली ते, आणि सध्याच्या गोळ्या. तारखेप्रमाणे कागद लावा. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरसमोर आपल्या वडिलांची हकीकत सांगताना शब्द सुचत नाहीत; तेव्हा हे एक पान बोलते.

गुरुजी दोन महिन्यांनी पुन्हा रविवारी येऊ लागले. सूनबाईंनी शंभर पानी वही केली आहे. तीत रोज सकाळची नाडी, रक्तदाब आणि काही वेगळे जाणवले तर ते लिहिलेले असते. पहिल्या पानावर गुरुजींनी आपल्या सुंदर वळणात स्वतःचे नाव मराठीत आणि उर्दूत लिहिले आहे. परवा ते ओसरीवर बसले, चष्मा पुसला आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, आपण कोठपर्यंत आलो होतो?" मी खूण घातलेले पान उघडून दिले. वाचन सुरू करण्याआधी त्यांचे मनगट हाती घेतले आणि पुरे एक मिनिट मोजले.